अक्कांचा दुसरा आवाज

अक्का,

घरात कोणी खोकलं की अजून माझ्या हातातलं काम थांबतं. परवा जेवताना तुमच्या भावाला ठसका लागला, तर त्यांच्यापुढे पाणी ठेवायचं सोडून मी मफलर आणायला तुमच्या खोलीकडे धावले. कपाट उघडल्यावर लक्षात आलं की ज्या गळ्याला जपायचं तो गळाच आता राहिलेला नाही. तरी मफलर काढला, झटकला, घडी घालून परत ठेवला. वीसएक वर्षांची सवय, अशी कशी लगेच जाईल?

पेपरात बातमी आल्यापासून माणसं येताहेत. फ्रेझर टाउनातून, कुक टाउनातून, एक जण तर पार हेब्बाळच्या पलीकडून रिक्षानं आले. ही म्हातारी साहेबी माणसं आपल्या जयनगरच्या दारात हॅट हातात घेऊन उभी राहतात आणि बूट काढावेत की नाही या विचारात पडतात. मी "बन्नी, बन्नी" म्हणत आत घेते. मग ते कॉफीचा पेला हातात धरून तुमच्या फोटोकडे बघत बसतात आणि सगळे एकच सांगतात, की मिस कॅमीसारखा, म्हणजे तुमच्यासारखा, आवाज या गावात पुन्हा व्हायचा नाही. मी मान हलवते. पण मनात धाकधूक असते. हे कोणत्या आवाजाबद्दल बोलताहेत? तुमच्या पहिल्या की दुसऱ्या? आणि दुसरा यांच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

लग्न होऊन मी बेळगावहून आले तेव्हा तुमच्याबद्दल मला कोणी धड काही सांगितलं नव्हतं. तुमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, घरात मराठी, बाहेर कन्नड, एवढं माहीत होतं. मोठी नणंद आहे, कमल नाव, लग्न केलेलं नाही, दंडूत राहते, एवढंच कानावर घातलेलं. दंडू म्हणजे कंटोन्मेंट, हेही मला इथं आल्यावर कळलं. नणंदेला वन्सं म्हणायचं असं आईनं शिकवून पाठवलं होतं. पण इथं सगळे तुम्हाला अक्काच म्हणायचे, म्हणून मीही अक्का म्हणू लागले. मामंजींसमोर मात्र तुमचं नाव निघायचं नाही.

मग एकदा सासूबाई दूध तापवता तापवता हळूच म्हणाल्या, "मालती, रविवारी कमलबरोबर जाशील का? हॉटेलात गाणं असतं तिचं. घरची बाई सोबत असली म्हणजे बरं दिसतं."

"कसलं गाणं?"

"ते इंग्रजी. जॅझ की काय म्हणतात." आणि दूध उतू जायच्या आत त्यांनी विषय संपवला.

जॅझ हा शब्द मी तोवर ऐकलाही नव्हता. रविवारी सकाळी अकराचा सुमार, लख्ख ऊन, आणि त्या हॉलमध्ये माणसं बिअरचे ग्लास घेऊन बसलेली. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. तुम्ही काळ्या झग्यात होतात आणि केसांत मात्र जाईचा गजरा. तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, "घाबरलीस?"

"हो."

"मग त्या दाराशेजारच्या खुर्चीवर बस. वाटलं तर निघून जा. मी रागावणार नाही."

मी गेले नाही. पियानो सुरू झाला, ड्रमवाल्यानं ठेका धरला, आणि तुमची जागा आली तरी तुम्ही गप्प. आमच्याकडे बेळगावला गुरुवारी भजन असायचं, तालाचं एवढं मला कळत होतं. ठेका पुढं निघाला आणि तुम्ही मागं राहिलात. चुकल्या! माझ्या तोंडातून शब्द फुटणारच होता, तेवढ्यात तुम्ही आलात. सावकाश, कुठलीच घाई नसल्यासारख्या, आणि ओळ संपली ती बरोब्बर समेवर. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. दोन तास मी खुर्चीची कड धरून बसले होते.

परत येताना मी विचारलं, "अक्का, तुम्ही सारख्या मागं का राहत होता?"

तुम्ही खूप हसलात. "मुद्दाम राहते मी. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, गाडी सुटली हिची. आणि मग मी डब्यात बसलेली दिसले पाहिजे."

तुम्हाला गंमत वाटली, पण त्या दिवसापासून तुमचं गाणं मला कधी सुखानं ऐकता आलं नाही. दर ओळीला वाटायचं, आज सुटणार गाडी. म्हणून मग मी गाणी पाठच करून टाकली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोर कविता म्हणत असलं की आई प्रेक्षकांत बसून ओठ हलवते ना, तशी. अर्थ निम्मा कळायचा नाही. तुम्ही घरी कोथिंबीर निवडत गुणगुणायचात, मी पलीकडे पोळ्या लाटत शब्द उचलायचे. तुमच्या आधी अर्धा शब्द मी मनात पुढं असायचे, जणू मी पोचले तर तुम्हीही पोचाल.

मामंजी गेल्यावर तुम्ही दंडूतलं घर सोडून जयनगरला राहायला आलात. घरातली चोरी संपली. तुमचा भाऊ आपल्याला फियाटमधून नेऊन सोडू लागला. पण हॉलच्या दारापर्यंतच. तुम्ही दर वेळी म्हणायचात, "राघू, ये की आत."

"नको. गाडीकडे कोण बघेल?"

"गाडीला काय पाय फुटणार आहेत?"

"तू जा अक्का. मी पेपर वाचतो."

आणि खरंच ते गाडीत बसून तोच पेपर पुन्हा पुन्हा वाचायचे. वडिलांच्या शब्दाबाहेर नाही गेला माझा भाऊ, असं तुम्ही एकदा म्हणालात. रागानं नाही, नुसतं सांगावं तसं. मीही तेच धरून चालले होते.

मग आपलं गाव हां हां म्हणता बदलत गेलं. ज्या हॉटेलात तुमची रविवारची सकाळ असायची तिथं कॉम्प्युटरवाल्यांच्या सभा भरायला लागल्या. पोरं पबमध्ये जायला लागली आणि तिथं टेपवरचंच संगीत. तुमचे जुने साथीदार कोणी ऑस्ट्रेलियाला मुलाकडे गेले, कोणी देवाघरी. तुम्ही साठी ओलांडली होती, तरी गळा तसाच होता. अशात तो डेरिक आला. तिशीचा, उंच, एका हॉटेलच्या लॉबीत पियानो वाजवणारा, कुक टाउनचा. घरात इंग्रजी, माझ्याशी मात्र कन्नड. माझं बेळगावी कन्नड ऐकून त्याला हसू यायचं आणि त्याचं बंगळुरी कन्नड ऐकून मला.

तो एकदा मला म्हणाला, "आंटी, कॅमीचं एकही धड रेकॉर्डिंग नाही, तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, एवढी नावाजलेली बाई, कुठंतरी सगळं जपून ठेवलेलं असेलच. तरुणपणी एक तबकडी निघाली होती ती कोणीतरी ऐकायला नेली आणि आणून दिली नाही. कलकत्त्याच्या हॉटेलात कोणी टेप केलं होतं म्हणे, पण ते कोण, ते तुम्हालाच आठवत नव्हतं. म्हणजे ज्या आवाजाला मी इतकी वर्षं वाऱ्यापासून, बर्फाच्या पाण्यापासून, सिगारेटच्या धुरापासून जपत होते, तो फक्त तुमच्या गळ्यात होता. दुसरीकडे कुठंच नाही. हे कळल्यावर मला झोप लागेना.

डेरिकनं जे. पी. नगरमध्ये मित्राचा स्टुडिओ ठरवला. आणि त्याच आठवड्यात मला ती गाठ दिसली.

तुम्ही कॉफी पीत होतात. शेवटचा घोट घ्यायला मान मागं टाकलीत आणि गळ्याच्या खालच्या बाजूला काहीतरी वर सरकलं आणि खाली आलं. मी म्हटलं, "अक्का, पुन्हा गिळा बघू."

"कॉफी संपली."

"नुसतं गिळा."

तुम्ही गिळलंत. ते पुन्हा सरकलं. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघितलंत आणि काही न विचारता बोटानं चाचपलंत.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं काही लपवलं नाही. गाठ काढावी लागेल, तिचं लक्षण चांगलं नाही, थांबण्यात अर्थ नाही. आणि आवाजाची नस तिथूनच जाते. तिला धक्का लागू नये म्हणून सगळी काळजी घेऊ, पण खात्री देता येत नाही. मी विचारणार होते की धक्का लागला तर काय होईल. त्याआधीच तुम्ही विचारलंत, "कधी करायचं?"

आपला वाद तिथून सुरू झाला, अक्का. घरी येऊन तुम्ही चप्पल काढत होतात आणि मी म्हटलं, "आधी रेकॉर्डिंग करू या. आठवडाभराचं तर काम आहे. डेरिकला आजच फोन करते."

"डॉक्टरांनी थांबू नका म्हटलंय."

"आठवड्यानं असं काय होणार आहे?"

तुम्ही एका पायात चप्पल तशीच ठेवून माझ्याकडे बघितलंत. "हे तू बोलतेस? सोबत स्वेटर नसला तर लालबागला जाऊ न देणारी तू?"

"आवाज गेला तर?"

"तर गेला."

"असं कसं म्हणता तुम्ही! कुठंही नाहीये तो. एक टेप नाही, काही नाही."

"मालू, आवाजापायी मरणाऱ्या बाया सिनेमात असतात. मला अजून पुष्कळ मसाल दोसे खायचेत." मग शेजारी बसवून घेतलंत मला. "आणि ही गाठ घेऊन गायले तर सगळा वेळ माझं लक्ष हिच्याकडे जाईल. भीत भीत गायलेलं टेप करून काय करू?"

मी तीन दिवस तुमच्याशी नीट बोलले नाही. सगळ्यांनी जीव जपायला सांगावं आणि गाणाऱ्या बाईनं गाण्याचा हट्ट धरावा, असं चाललं असतं तर मला कळलं असतं. इथं सगळं उलटंच. तुम्ही जीव जपत होतात आणि मी, जिला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, ती आवाजासाठी भांडत होते.

ऑपरेशनच्या दिवशी तुमचा भाऊ आणि मी बाकावर बसलो होतो. त्यांच्या हातात पेपर होता, तो उलटा होता. बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "ती बोलेल ना?" मी म्हटलं, "बोलतील की." मला तरी काय ठाऊक होतं?

गाठ गेली. वाईट होती, पण पसरलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. हे वाक्य तुम्ही पुढं मला जन्मभर ऐकवलंत.

नंतर काही आठवडे तुम्हाला बोलायची बंदी होती. तुम्ही चमच्यानं पेला वाजवून हाक मारायचात. त्यातही ठेका असायचा आणि शेवटचा ठोका हमखास उशिरा पडायचा. मी गॅस मंद करून त्या शेवटच्या ठोक्याची वाट बघत थांबायचे. तो पडला की आत यायचे.

बंदी उठली त्या सकाळी तुमचा पहिला शब्द "कॉफी" होता. जमिनीवरून कपाट सरकवावं तसा तो आला. तुम्ही स्वतःच दचकलात. मग हसलात, तर त्या हसण्याला आवाजच नव्हता. तुमच्या भावानं मान फिरवली. मी म्हटलं, "होईल हळूहळू." तुम्ही टॉवेल घेऊन आंघोळीला गेलात आणि नळ पुरता सोडलात. मला कळलं. मी न्हाणीच्या दाराबाहेर उभी राहिले. पाण्याच्या आवाजाआड तुम्ही स्वर लावून बघत होतात. एक लागायचा, पुढचा फाटायचा. पुन्हा खालून सुरू. पुन्हा तिथंच येऊन फाटणं. बादली भरून वाहत होती. तुम्हाला घाबरलेलं मी कधीच बघितलं नव्हतं, त्या दिवशीही बघितलं नाही, नुसतं ऐकलं.

बाहेर आलात तेव्हा मी दोस्याचं पीठ ढवळत होते. तुम्ही घोगऱ्या आवाजात म्हणालात, "वरची अर्धी शिडी गेली. खालची अर्धी आहे."

डेरिक बॅटरीवरचा छोटा कीबोर्ड घेऊन यायला लागला. जेवणाच्या टेबलावर ठेवून तो वाजवायचा आणि तुम्ही समोर शेंगा सोलत बसायचात. "डेरिक, खाली घे." तो पट्टी खाली घ्यायचा. "अजून खाली." तो म्हणायचा, "कॅमी, आता ही पुरुषाची पट्टी झाली." "मग पुरुषाच्या पट्टीत म्हणते." जिथं पूर्वी तुमचा स्वर उंच चढून लांब राहायचा, तिथं आता तुम्ही शब्द नुसता टेकवून सोडून द्यायचात, सांगितल्यासारखा. मी आतून ऐकायचे. हे लोकांसमोर? जुने सगळे येणार, तुलना करणार.

हॉल ठरला तेव्हा मी स्पष्टच बोलले. "नका करू अक्का. लोकांच्या कानात जुना आवाज आहे. तोच राहू दे."

"म्हणजे मी जिवंतपणी फोटोत जाऊन बसू?"

मी फ्लास्कमध्ये गरम पाणी भरायला गेले.

त्या संध्याकाळी हॉल निम्माच भरला होता. दंडूतली जुनी मंडळी पुढं, डेरिकचे मित्र मागं. तुमचा भाऊ नेहमीसारखा बाहेर गाडीत. मी पडद्याच्या बाजूला, तुमच्यापासून चार हातांवर, फ्लास्क पोटाशी धरून. पहिल्या दोन गाण्यांना कुजबुज झाली. एक जोडपं उठून गेलं, मी त्यांच्या बुटांचा आवाज दारापर्यंत ऐकला. तुम्हीही ऐकला असणार.

तिसरं ते सावकाश गाणं. घर सोडून निघालेल्या माणसाला बाई सांगते, जातोस तर जा, पण किल्ली कुंडीखाली ठेव, कधी परत यावंसं वाटेल. पूर्वी हे तुम्ही रडवेलं म्हणायचात. त्या दिवशी मात्र स्वयंपाकघरातून सांगावं तसं सांगत होतात, आणि हॉलमधली कुजबुज थांबली. मी मनात अर्धा शब्द पुढं. शेवटचं कडवं आलं. पियानो पुढं निघाला. तुम्ही मागं राहिलात. मला वाटलं, आता याल. ठेका आणखी पुढं गेला. तुम्ही आला नाहीत. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघितलं. तुम्ही मुद्दाम थांबला नव्हतात.

डेरिकनं तेच सूर फिरवून पुन्हा वाजवले. आणि तुम्ही माइकसमोरून न हलता, मान जराशी माझ्याकडे वळवून, घरातल्यासारखं विचारलंत, "पुढं काय गं, मालू?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी कधी कोणासमोर इंग्रजीचा एक शब्द उच्चारला नव्हता. तोंड उघडलं तर आवाज चिरका निघाला. "लीव्ह द की," मी म्हटलं, आमच्या बेळगावच्या इंग्रजीत.

"हां," तुम्ही म्हणालात. आणि ते शब्द माझ्याकडून घेऊन, आरामात, पुन्हा मागं राहून, तुम्ही कडवं पुरं केलंत.

टाळ्या पडल्या, पण छप्पर उडालं असं काही झालं नाही. नंतर एक म्हातारे गृहस्थ येऊन इंग्रजीत म्हणाले, मला ठाऊक असलेली कॅमी ही नव्हे. तुम्ही त्यांचा हात हातात घेतलात आणि म्हणालात, "मलाही ती हल्ली भेटत नाही." मग मागच्या रांगेतली एक मुलगी आली, डोळे पुसत, काही न बोलता तुमच्या पाया पडली. तुम्हाला ते मुळीच आवडलं नाही.

घरी येताना गाडीत तुम्ही म्हणालात, "बघ, ऑपरेशन केलं म्हणून आज गायले."

मी म्हटलं, "आठवडाभर थांबला असतात तर दोन्ही झालं असतं."

"कशावरून?"

"कशावरून नाही?"

पुढं आपण हे कितीदा तरी बोललो. चौथ्या ब्लॉकातल्या बाजारात भाजी घेताना, पाऊस लागून घरात अडकलो की, टीव्हीवर कोणी गायला लागलं की. तुम्ही म्हणायचात, आयुष्य मिळालं. मी म्हणायचे, आवाज गेला. दोघींचं खरं होतं आणि दोघीही मागं हटत नव्हतो. एक गोष्ट मात्र मी तुम्हाला सांगितली नाही. तुमचा पहिला आवाज मी नेहमी भीत भीत ऐकला. तो फार उंचावर चालायचा, खाली बघूनच मला भोवळ यायची. दुसरा आवाज शेजारी येऊन बसायचा. मला तोच जास्त आवडायचा, अक्का. कबूल केलं असतं तर तुम्ही वाद जिंकला असतात, म्हणून गप्प राहिले. मला वाटलं, वेळ आहे अजून. तुम्ही दुपारची कॉफी घेऊन जरा पडते म्हणालात, आणि मी उठवायला गेले तेव्हा वेळ संपलेली होती.

तेरावं झाल्यावर डेरिक आला. खिशातून एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली. त्या संध्याकाळचं सगळं त्यानं टेप केलं होतं. त्याच्या ओळखीचा एक जण कॅसेटा काढायला तयार आहे, घरच्यांची परवानगी हवी. "आणि आंटी, ती विसरली तेवढा भाग मी कापून टाकतो. जोड कळणार नाही."

तुमच्या भावानं मान हलवली. "कापू नको, जोडू नको. काढूच नको ही कॅसेट."

"का?" मी विचारलं.

"लोकांच्या मनात जी कॅमी आहे ती राहू दे. हा बसलेला आवाज दुकानादुकानातून वाजणार, लोक हसणार. कशाला?"

माझंच बोलणं त्यांच्या तोंडून ऐकत होते मी. पण आता मला राग आला. "तुम्ही ऐकलाय का अक्कांचा आवाज? हा तरी, नाहीतर तो तरी?"

डेरिक कॅसेटचा डबा उगीच उघडत मिटत राहिला.

"मामंजी जाऊन किती वर्षं झाली," मी म्हटलं. "अजून त्यांचा शब्द?"

"अप्पांचा काय संबंध?" ते एकदम म्हणाले. मग आवाज उतरला. "मला बघवायचं नाही. लहानपणी घरी कोणी आलं की तिला गायला उभी करायचे. ती उभी राहिली की मला वाटायचं, ही आता विसरणार, सगळे हसणार. मी परसात पळून जायचो. ती कधी विसरली नाही. पण माझी ती भीती काही गेली नाही. मोठा झालो तरी गाडीत बसलो की..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, "तिला वाटत असेल, मला तिची लाज वाटते."

अक्का, तुम्हाला काय वाटायचं ते मला माहीत होतं.

मी उठून टेपरेकॉर्डर आणला. खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं, बाहेर सोप्पूवाली पालेभाजीची हाळी देत चालली होती. मी कॅसेट लावली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. उठून जाणारे ते बूटही वाजले. तुमचा भाऊ हाताची घडी घालून, जमिनीकडे बघत बसला होता. तिसरं सुरू झालं. शेवटचं कडवं जवळ आलं तशी मीच घामाघूम झाले, पुढं काय होणार ते पुरतं ठाऊक असून.

पियानो पुढं गेला. तुम्ही आला नाहीत.

त्यांची घडी सुटली. खुर्चीच्या कडेला येऊन त्यांनी माझं मनगट धरलं. टेपमधून तुम्ही विचारलंत, पुढं काय गं, मालू, आणि मग माझा तो चिरका, घाबरलेला आवाज आला.

"म्हटलं ना तिनं?" ते कुजबुजले. "पुढचं म्हटलं ना?"

"ऐका," मी म्हटलं.

तुम्ही म्हटलंत. सावकाश, मागं राहून, शेवटपर्यंत. त्यांनी माझं मनगट सोडलं आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. गाणं संपून टाळ्या वाजायला लागल्यावर ते डेरिकला म्हणाले, "कट माडबेडा. काही कापायचं नाही. तिनं विचारलं, हिनं सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"म्हणजे काढू कॅसेट, अंकल?"

"काढ."

मला बरं वाटायला हवं होतं. पण लगेच मनात आलं, दुकानात कोणी घेईल का? ते म्हातारे गृहस्थ काय म्हणतील? माझं इंग्रजी आता सगळं गाव ऐकणार. डेरिक कॅसेट काढून घ्यायला लागला, तर तुमच्या भावानं त्याचा हात थांबवला.

"दुसऱ्या बाजूला आहे का काही?"

"आहे. आणखी चार गाणी."

"तिथं विसरते ती?"

डेरिकनं माझ्याकडे बघितलं. मलाच आठवत नव्हतं. त्या संध्याकाळचं तिसऱ्या गाण्यानंतरचं मला काहीच आठवत नाही, मी भिंतीला टेकून नुसती उभी होते.

"लाव," ते म्हणाले.

त्यानं बाजू पालटली. जरा खरखर झाली, ड्रमवाल्यानं ठेका धरला, तुमची जागा आली आणि तुम्ही गप्प राहिलात. आणि आम्ही दोघंही, अक्का, जीव मुठीत धरून बसलो.